दोराला हात लावू नका

बोदलकशाच्या तलावापलीकडे, जंगलाला लागून कोसमटोला नावाची तीस-पस्तीस घरांची वस्ती आहे. तिथला जीपवाला लालसिंग उईके चांगला माणूस होता की वाईट, याचा निकाल तिरोडा तालुक्यात अजून लागलेला नाही. त्याच्या काठीचा मार खाल्लेली माणसं एका पंगतीत बसवली, तर वाढणाऱ्याची कंबर मोडेल. आणि गंमत अशी, की यातल्या निम्म्यांची गाडी पुढे कधी ना कधी फसली आणि त्यांनी बोलावलं ते लालसिंगालाच.

नाल्याच्या रेतीत, भाताच्या रोवणीच्या चिखलात, तलावाच्या गाळात, गाडी कुठेही रुतो, लालसिंग जीप घेऊन यायचा. मागच्या सीटखाली लोखंडी पेटी असायची. तिच्यात दोर, तारेचा रस्सा, चाकाखाली घालायच्या सागाच्या दोन फळ्या, जॅक, जॅक गाळात बुडू नये म्हणून त्याखाली ठेवायचा पाट, हवा भरायचा पायपंप, फावडं, कुऱ्हाड, पाण्याचा डबा. एका पिशवीत जुन्या धोतराच्या पट्ट्या होत्या, रक्त वाहू लागलं तर आवळायला. आणि दोन रिकामी पोती. ती तो भिजवायचा, त्यांत रेती भरायचा आणि ताणलेल्या दोरावर मधोमध टाकायचा. दोर तुटलाच, तर पोत्याच्या वजनानं तो जमिनीवर आपटावा, माणसाच्या अंगावर येऊ नये, एवढाच हिशेब.

पेटीत न मावणारी एकच वस्तू होती, बांबूची काठी. दोर बांधण्याआधी लालसिंग तिच्यानं जमिनीवर रेघ ओढायचा, दोराच्या लांबीच्या दीडपट अंतरावर, आणि ओरडायचा, "या रेघेच्या आत जो येईल त्याले मी हानतो. मंग तो कोणाचा कोण का असंना." रेघेच्या आत पाय पडला की दुसरी सूचना नसे. शहाण्याला शब्दाचा मार म्हणतात. पण ताणलेल्या दोराजवळ शहाणा माणूस उभाच राहत नाही, असं त्याचं म्हणणं होतं.

आता कुणी म्हणेल, लोकांना हौस होती का मार खायची? हौस नव्हे, रीत होती. उन्हाळ्याच्या तोंडाला तलाव उतरला की मोठं जाळं पडतं, आणि ते ओढायला ज्याचा हात दोराला लागला त्याला मासळीचा वाटा मिळतो. मग ही रीत तळ्यावरून गावात शिरली. लाकूड ओढायचं असो, घराचा पाटा, म्हणजे तुळई, चढवायचा असो, बैलगाडी काढायची असो, समोर दोर दिसला की हात लावायचा. नाही लावला तर लोक म्हणणार, मोठा साहेब झाला. ट्रकला ट्रक ओढतो आहे तिथे माणसाच्या हाताचं काय काम? काहीच नाही. तरी पन्नास माणसं धावून येणार आणि तारेला चिकटणार. हा मूर्खपणा चांगुलपणातून आलेला होता, म्हणून तो समजावून जात नव्हता. लालसिंगानं समजावणं सोडून दिलं होतं. त्यामागे कारण होतं, आणि त्या कारणातलं अर्धंच गावाला ठाऊक होतं.

एकोणीसशे नव्याण्णवचा मे महिना. तेंदूपत्त्याचा हंगाम. लालसिंग तेव्हा चोवीस वर्षांचा, ठेकेदाराच्या ट्रकवर क्लीनर. पत्त्याच्या पोत्यांनी भरलेला ट्रक कोसमनाल्याच्या रेतीत बसला. दुसरा ट्रक आणून तारेचा रस्सा बांधला, तोही बंपरला. जागा चुकीची, पण सांगणार कोण? पत्ता तोडणारी तीस-चाळीस माणसं तारेला लागली. लालसिंग मधोमध उभा राहून जोर लावायला ओरडत होता. त्याला त्या दिवशी आपण कुणीतरी आहोत असं वाटत होतं. चाळीस माणसं आपल्या आवाजावर ओढताहेत, हे चोवीसाव्या वर्षी डोक्यात जातंच. त्याचा थोरला भाऊ हिरासिंग लांब मोहाच्या सावलीत बसला होता. लालसिंगानं त्याला हाक मारली, "दादा, येनं! हात लाव! लोक का म्हणतील?"

हिरासिंग आला. त्यानं हात लावला. बंपर उपटला आणि तार सुटली.

आवाज बंदुकीसारखा झाला असं नंतर लोक सांगत. लालसिंगाला आवाज आठवत नव्हता. त्याला आठवत होतं ते एवढंच, की पुढच्या माणसाची चार बोटं रेतीत पडली होती, त्यापुढच्याचा जबडा लोंबत होता, आणि हिरासिंग कमरेत असा वाकला होता जसा माणूस वाकत नाही. तिरोड्याच्या वाटेवर, त्याच ठेकेदाराच्या जीपमध्ये, लालसिंगाच्या मांडीवर तो गेला. रक्त बांधायला गाडीत एक चिंधी नव्हती.

हिरासिंगाची बायको दुर्पता तेव्हा पंचवीसची आणि मुलगी खुशबू पाच वर्षांची. वर्ष सरल्यावर समाजाच्या चालीनं लालसिंगानं भावजयीशी पाट लावला. दुर्पता कामाला वाघीण होती, तोंडाला त्याहून. मेलेल्या नवऱ्यावर तिचा राग होता आणि तो ती लपवत नसे. "त्याले कोणी बलावलं होतं?" ती सणावाराला, शेतात, पाणवठ्यावर म्हणायची. "दुसऱ्याच्या कामात उडी माराची खोड होती त्याले. सोताच्या पायानं गेला मराले. लेकराचा इचार केला नाही." ती असं म्हणू लागली की लालसिंग उठून जीपखाली शिरायचा आणि घट्ट असलेले नटबोल्ट पुन्हा घट्ट करायचा. एक वाक्य बोललं असतं तर मेलेल्या माणसावरचा डाग पुसला गेला असता. ते एक वाक्य त्याच्यानं चौदा वर्षं बोलवलं नाही. मला विचाराल तर हे त्याच्या काठीपेक्षा वाईट होतं.

काठी मात्र चालत राहिली. दोन हजार तीनला सरपंचाच्या पुतण्याचं डोकं फुटलं, सहा टाके. दोन हजार सहाला दवनीवाड्याची वरात नाल्यात अडकली. मुहूर्त टळू नये म्हणून नवरदेव स्वतःच बाशिंगासकट उतरून दोराला भिडला, आणि लालसिंगानं त्याच्या गुडघ्यावर एक ठेवून दिली. बिचाऱ्यानं सात फेरे लंगडत घातले. नवरदेवाच्या तिघा मामांनी लालसिंगाला तिथेच रेतीत पाडून तुडवला. त्याचा पुढचा दात गेला. तो उठला, दात थुंकला, रेघ पुन्हा ओढली आणि वरातीची गाडी काढून दिली. पोलीस पाटील दोनदा समजावून गेला, तक्रारी झाल्या, मिटल्या. पण चौदा वर्षांत त्याच्या दोरानं कुणाचं नखही गेलं नाही. न झालेला अपघात दिसत नाही, फुटलेलं डोकं दिसतं. म्हणून लोक त्याला लाठीसिंग म्हणायचे.

दोन हजार तेराच्या मार्चमध्ये खुशबूचं जमलं. एकोणीस वर्षांची, बारावी झालेली, मनासारखा पोरगा मिळाला म्हणून घरभर गुणगुणत फिरणारी. पोरगा सालेटोल्याचा दुर्गेश पंधरे. तिनं त्याला दिवाळीनंतरच्या मंडईत, म्हणजे जत्रेत, पाहिला होता आणि आईला आपणहून सांगितलं होतं. दुर्गेशचा बाप शालीकराम साठीचा, ताठ, शब्दाचा पक्का, चार गावांत मानाचा. त्याची एकच काळजी होती आणि ती त्यानं लालसिंगाला तोंडावर सांगितली होती, "तुमची पोरगी सोन्यासारखी हाये. तुमचा हात तेवढा आवरा, इवाई." इवाई म्हणजे व्याही. लालसिंगानं मान हलवली होती. रविवारी साक्षगंध, म्हणजे साखरपुडा, ठरलं.

त्याच आठवड्यात गुरुवारी नागपूरहून चार उंच जीपगाड्या आल्या. रस्ता सोडून रानावनात गाड्या घालायची हौस असलेली मंडळी. त्यांचे पुढारी बोरकर साहेब. वाट दाखवायला त्यांनी लालसिंगाला घेतलं होतं. सकाळी बोरकरांनी आपलं सामान उघडून दाखवलं. पुढे दोर गुंडाळत गाडी ओढणारं विंच, तारेऐवजी नवा सिंथेटिक दोर, हातमोजे, हेल्मेट, औषधांची लाल पिशवी, दोरावर टाकायचं जाड कापडसुद्धा. लालसिंग उकिडवा बसून एकेक वस्तू हातात घेऊन पाहत होता. आपण एकटेच वेडे नाही, हे त्याला पहिल्यांदाच कळत होतं, आणि त्याचा चेहरा खुलला होता.

"सायेब, सामान एक नंबर हाये," तो म्हणाला. "पन लोक कुठे उभे करता?"

"कोणते लोक?" बोरकरांनी विचारलं.

तलाव बराच उतरला होता. काठची जमीन वरून वाळलेली, आत लोणी. लालसिंगानं दोन ठिकाणी काठी खुपसून पाहून वाट सांगितली. तिसऱ्या गाडीवाल्यानं ती सोडली आणि गाडी दाराच्या पट्टीपर्यंत खाली गेली. चाकांची हवा कमी केली, फळ्या घातल्या, फावड्यानं गाळ काढला. गाडी हलेना. बोरकरांनी आपली गाडी समोर उभी केली, विंचचा दोर शॅकलनं, म्हणजे लोखंडी कडीनं, फसलेल्या गाडीला जोडला, कापड टाकलं. लालसिंगानं रेघ ओढली.

आणि त्या दिवशी तलावात मोठं जाळं पडलं होतं. दोनशे पावलांवर साठ-सत्तर माणसं, हात ओले, छाती उघडी, दोर ओढायच्या नादात असलेली. गाडी फसलेली दिसताच जाळं खुंट्याला बांधून सगळी धावत आली. त्यांत शालीकरामही होता. साक्षगंधाचं बोलायला मुलाला घेऊन आला होता आणि गावकऱ्यांनी त्यांनाही जाळ्यावर नेलं होतं.

"मांगं व्हा!" लालसिंग ओरडला. "रेघेच्या मांगं!"

दोर ताणला होता. बोरकर काच लावून आत बसलेले, इंजिनाच्या आवाजात त्यांना काही ऐकू येत नव्हतं. पहिले तिघे रेघ ओलांडून आले. एकाच्या खांद्यावर, एकाच्या पाठीत, एकाच्या नडगीवर काठी बसली. तिसरा ओरडत गाळात लोळला. गर्दी थांबली, शिव्या देऊ लागली. लालसिंग तिच्याकडे तोंड करून, काठी उगारून उभा होता. मागून, शॅकलच्या बाजूनं शालीकराम आला.

होणाऱ्या सोयऱ्याचं काम आहे आणि आपण हात खिशात घालून उभे राहिलो, हे त्याच्यासारख्या माणसाला मरणासारखं होतं. त्यानं दोन्ही हातांनी दोर धरला.

लालसिंग वळला. "इवाई! सोडा! सोडा तो दोर!"

"घरचंच काम हाये," शालीकराम हसून म्हणाला आणि त्यानं पाय रोवले.

लालसिंगाला त्या क्षणी सगळं दिसलं. रविवार दिसला, खुशबूचं गुणगुणणं ऐकू आलं, हा म्हातारा कोण आहे हेही कळलं. मग दोर करकरला. त्यानं पूर्ण ताकदीनं काठी शालीकरामच्या मनगटावर मारली. हाड मोडल्याचा आवाज इंजिनाच्या वर ऐकू आला. एक हात सुटला, दुसरा सुटेना. माणूस दुखण्यानं उलट घट्ट धरतो. लालसिंगानं दुसरी कोपरावर घातली, गळ्याला हात घालून त्याला मागे खेचलं आणि दोघे गाळात पडले.

दोर तुटला नाही. गाडी आवाज करत वर आली, दहा हात पुढे गेली आणि उभी राहिली. दोर तसाच्या तसा, एक धागा न निसटलेला, चिखलावर पडला.

मग लोकांनी लालसिंगाला मारलं. चौदा वर्षांचं मारलं. जाळ्याच्या खुंट्यांनी, वल्ह्यांनी, लाथांनी. पहिली लाथ दुर्गेशची होती; बापाचा लोंबता हात पाहून त्याला दुसरं काय सुचणार? भुवई फाटली, दोन बरगड्या गेल्या, तोंडात गाळ आणि रक्त एक झालं. लालसिंग हात वर करत नव्हता. बोरकर गाडीतून उतरून "मरेल तो! थांबा! त्यानं बरोबर केलं, ऐका माझं!" म्हणत गर्दीत घुसले, तेव्हा त्यांनाही दोन बसल्या. शेवटी ती लाल पिशवी उघडली गेली. तिच्यातल्या पट्ट्यांनी एका व्याह्याचं मनगट बांधलं आणि दुसऱ्याचं डोकं.

शनिवारी सकाळी कोसमटोल्यात समाजाचे पंच बसले. शालीकराम प्लास्टर घालून आला होता. काठी पंचांसमोर मातीत ठेवली होती. म्हाताऱ्यानं भांडण वाढवलं नाही. तो म्हणाला, "मले दंड नाई पायजे. त्यानं माफी मागावी आन देवासमोर शपथ घ्यावी, का यापुढे माणसावर काठी उचलनार नाई. तेवढं झालं तर उद्याचं साक्षगंध होईल. नाई तर अशा घरची पोरगी मी नेत नाई."

लालसिंग उठला. छाती आवळलेली, श्वास तुटत होता. त्यानं वाकून शालीकरामच्या पायाला हात लावला. "माफी मागतो. तुमचा हात मोडला, चूक झाली."

"आन शपथ?"

लालसिंगानं मातीतल्या काठीकडे पाहिलं.

"काका," खुशबू मागून म्हणाली. तिचा आवाज फाटला होता. "घ्या नं शपथ. दोन शबूद बोलाचे हायेत. माझ्यासाठी."

"नाई घेता येत, बेटा."

गलका झाला. मस्ती आहे, माज आहे, कुणी काय, कुणी काय. थोरल्या पंचानं हात वर केला. "काऊन नाई घेता येत? तुझा भाऊ दोरानं मेला, सगळ्याले मालूम हाये. पन तो सोताहून गेला होता. त्यात तुझा का दोष? त्यापायी गावाले मारत फिरशील?"

लालसिंगानं बायकांच्या घोळक्याकडे पाहिलं. दुर्पता पदर कमरेला खोचून बसली होती. खुशबू तिच्या मागे, तोंडावर हात धरून. बोललं तर पोरीचं लग्न वाचेल आणि घर जाईल, हे त्याला स्वच्छ कळत होतं. दोनच रात्रींपूर्वी दुर्पतानं त्याच्या बरगड्या हळद लावून बांधल्या होत्या.

"सोताहून नाई गेला," तो म्हणाला. "मीनं बलावलं. तो सावलीत बसला होता. मीच म्हटलं, दादा, हात लाव, लोक का म्हणतील. तो माह्या बलावन्यानं उठला. चौदा वर्सं तुमी त्याले दोष देऊन राहिले. दोष माहा हाये. पुन्हा कोणी दोराले हात लावला तर मी हाननार. उद्याही हाननार. खोटी शपथ घेऊ कशी?"

शालीकरामनं आपल्या प्लास्टरकडे पाहिलं, बराच वेळ पाहिलं. मग तो पंचांना म्हणाला, "राहू द्या शपथ. साक्षगंध उद्याच होईल."

पण दुर्पता उठली होती. ती चालत मधोमध आली, मातीतली काठी उचलली आणि लालसिंगाच्या पाठीत घातली. मग खांद्यावर. मग बांधलेल्या बरगड्यांवर. तो गुडघ्यावर आला. "मीनं शिव्या देल्ल्या त्याले!" ती प्रत्येक वाराला ओरडत होती. "मेलेल्या माणसाले! चौदा वर्सं! तुह्या समोर! आन तू आयकत होता!" दुर्गेश पुढे झाला, त्याला शालीकरामनं चांगल्या हातानं धरून ठेवलं. लालसिंगानं डोकंही झाकलं नाही. त्याची भुवई पुन्हा उघडली आणि रक्त पापणीवरून मातीत पडू लागलं. शेवटी तिचाच हात थकला. काठी टेकून ती धापा टाकत उभी राहिली, आणि तिनं विचारलं,

"जेवला होता का तो?"

लालसिंगानं पापणीवरचं रक्त पुसलं.

"मी विचारून राहिली. मीनं भात बांधून देल्ला होता. जेवला होता का?"

"अर्धाच," लालसिंग म्हणाला. "'आलो' म्हणला, आन डबा तसाच ठेवून उठला."